टायबरच्या खोऱ्यांतील मोंतोने गांव

इटली म्हटलें कीं आपल्या विद्यार्थ्यांस रोम आठवतें, व्हेनिसचे कालवे आठवतात, पिसाचा कललेला मनोरा आठवतो. आणि भूगोलाच्या पुस्तकांतील तो बुटाच्या आकाराचा नकाशा तर कोणालाच विसरतां येत नाहीं. परंतु एखाद्या देशाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल तर त्याच्या राजधानीपेक्षां त्याच्या लहान गांवांकडे वळावें, असें आमचें मत आहे. राजधानी ही साऱ्या जगाची असते. लहान गांव मात्र आपल्या माणसांचें असतें, आणि त्यानें जें जपून ठेविलेलें असतें तें बहुधा परक्याला दाखविण्यासाठीं जपलेलें नसतें. अशाच एका गांवाची हकीकत आम्ही या लेखांत सांगणार आहों. त्याचें नांव मोंतोने.

हें नांव आम्हीं वर्गांत फळ्यावर लिहिलें आणि कोणास ठाऊक आहे काय म्हणून विचारलें, तेव्हां एकहि हात वर झाला नाहीं. त्यांत मुलांचा दोष नाहीं. कांहीं वर्षांपूर्वी आम्हांसहि तें ठाऊक नव्हतें. पण कोंकणांतील एका तरुणाच्या नांवाचें स्मारक त्या गांवांत उभें आहे हें वाचण्यांत आलें, तेव्हां मात्र आपल्या अज्ञानाची आम्हांस थोडी लाज वाटली. त्या स्मारकापर्यंत आपण यथाक्रम पोहोंचूं; आधीं गांव पाहूं. आम्हीं तें प्रत्यक्ष पाहिलेलें नाहीं हें प्रथमच सांगून टाकतों. जें येथें लिहिलें आहे तें वाचनानें, नकाशांवरून व चित्रांवरून जमविलेलें आहे.

इटलीच्या नकाशावर रोमपासून बोट उत्तरेकडे सरकवीत न्यावें. द्वीपकल्पाच्या अगदीं मध्यभागीं उंब्रिया नांवाचा एक प्रांत लागतो. ह्या प्रांतास समुद्राचा किनारा मुळींच नाहीं. सर्वत्र डोंगर, टेकड्या आणि त्यांच्यामधून वाहणाऱ्या नद्यांचीं खोरीं. रोम शहराला जिनें प्रसिद्ध केलें ती टायबर नदी याच प्रांतांतून उतरत जाते. तिची एकंदर लांबी सुमारें ४०५ किलोमीटर. आपल्या गोदा-कृष्णेच्या मानानें ती लहानच म्हणावयाची, पण इतिहासांत नदीचें मोठेपण लांबीवर ठरत नाहीं. उंब्रियाचें मुख्य शहर पेरुजिया. तेथून उत्तरेस पस्तीस-चाळीस किलोमीटर गेलें म्हणजे टायबरच्या वरच्या खोऱ्यांत, नदीच्या पूर्वेकडील एका टेकडीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून पांचशें मीटरांच्या जवळपास उंचीवर मोंतोने दिसूं लागतें. वस्ती अवघी दीड-पावणेदोन हजारांची. तीहि सर्व तटाच्या आंत नव्हे, पुष्कळशी आसपासच्या शेतमळ्यांतून पसरलेली. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गांवास कोणी शहर म्हणणार नाहीं. तेथें मात्र त्याला स्वतःचा नगराध्यक्ष आहे, स्वतःचें संग्रहालय आहे आणि स्वतःचा सहाशें वर्षांचा अभिमानहि आहे.

गांवाभोंवतीं दगडी तट, तटाला तीन जुने दरवाजे, आंत अरुंद बोळ आणि पायऱ्या पायऱ्यांचे चढ. आपल्यापैकीं ज्यांनीं एखादा वसता डोंगरी किल्ला पाहिला आहे त्यांस ही रचना परकी वाटणार नाहीं. शत्रु दूरवर दिसावा, त्याला चढतांना दम लागावा आणि आपण वर निवांत उभे असावें, हा विचार सह्याद्रींत काय आणि उंब्रियांत काय, सारखाच. अन्नाच्या बाबतींतहि एक गंमत सांगण्याजोगी आहे. ह्या भागांत खमीर न घालतां पीठ मळून, तें गोल थापून, निखाऱ्यांवर तापविलेल्या चपट्या तव्यावर भाजतात आणि तेंच पुष्कळ घरीं पावाच्या ऐवजीं खातात. चित्र पाहून आमच्या घरच्या मंडळींनीं ही तर जाडशी भाकरीच, असा निकाल दिला.

मोंतोने या इटालियन शब्दाचा अर्थ मेंढा. या गांवचें जें सरदार घराणें होतें त्याच्या ढालीवरहि मेंढाच असे. त्या घराण्याचें नांव फोर्तेब्राच्ची, म्हणजे बळकट बाहूंचे. आपल्याकडील भुजबळ या आडनांवाशीं हें नांव किती जुळतें पाहा! या घराण्यांतील ब्राच्चो नांवाच्या पुरुषानें आपल्या गांवाचें नांव इटलीभर गाजविलें. त्याचा जन्म इ. स. १३६८ मधला. त्या काळीं इटली हा एक देश नव्हता. लहानमोठीं राज्यें, प्रजासत्ताक शहरें आणि पोपची सत्ता यांत तो वांटला गेला होता, आणि यांपैकीं बहुतेकांजवळ स्वतःची फौज नसल्यामुळें ते पगारी सेनानायकांकडून लढाया करवून घेत. जो जास्त पैसे देईल त्याची चाकरी करावयाची, हा त्या नायकांचा धर्म. ब्राच्चो हा अशा नायकांतील अग्रेसर. मुत्सियो आत्तेंदोलो स्फोर्त्सा हा तरुणपणीं त्याचा सोबती होता. पुढें तोच त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी झाला.

युद्धकलेंत ब्राच्चोनें जी सुधारणा केली ती विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या काळचे सेनापति आपली सर्व फौज एकदम शत्रूवर लोटीत. ब्राच्चोनें तिच्या लहान लहान तुकड्या पाडल्या. एक तुकडी लढत असतां दुसरी विसांवा घेई, आणि पहिली थकली कीं दुसरी तिची जागा घेई; त्यामुळें शत्रूचें सैन्य दमून जाई तरी याचें ताजेंच राही. १२ जुलै १४१६ रोजीं संत एजिदियो येथें ऐन उन्हाळ्यांत जी लढाई झाली तींत त्यानें आपल्या माणसांच्या पिण्याच्या पाण्याची तजवीज आधींच करून ठेविली होती. शत्रूचे शिपाई तहानेनें व्याकुळ झाले, आणि दिवस ब्राच्चोचा झाला. त्या विजयानें पेरुजिया शहर त्याच्या हातीं आलें. तेथें त्यानें केवळ कर गोळा केले नाहींत. त्रासिमेनो सरोवराचें पाणी वाढून आसपासचीं शेतें बुडत, म्हणून जादा पाणी वाहून जाण्यासाठीं त्यानें एक भुयारी पाट खणविला.

पण असल्या पुरुषांचा शेवट बहुधा सुखाचा नसतो. १४२४ च्या जूनमध्यें लाक्विला शहराजवळच्या लढाईंत ब्राच्चो जबर जखमी होऊन शत्रूच्या हातीं सांपडला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याचा जुना सोबती स्फोर्त्सा त्याच वर्षाच्या आरंभीं एका नदींत बुडून मेला होता. पोपशीं वैर असल्यामुळें ब्राच्चोला पवित्र भूमींत जागा मिळाली नाहीं. आठ वर्षांनीं त्याच्या भाच्यानें त्याच्या अस्थि पेरुजियास आणविल्या. मोंतोने येथें त्याचा जो किल्ला होता तो पुढें पोपच्या सैन्यानें पाडून टाकला. आज त्याचे अवशेष तेवढे उरले आहेत.

ब्राच्चोचा मुलगा कार्लो. बापाचें राज्य त्याच्या वांट्याला आलें नाहीं, पण बापाची विद्या आली. तो व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या सेवेंत राहिला, आणि त्या सेवेबद्दल १४७३ मध्यें त्याला जें बक्षीस मिळालें तें ना सोनें होतें ना जहागीर. तो एक कांटा होता. प्रभु येशूच्या मस्तकावर जो कांट्यांचा मुगुट घातला गेला त्यांतील हा एक कांटा, अशी त्याविषयींची श्रद्धा. कार्लोनें तो आपल्या गांवाला दिला. तेव्हांपासून मोंतोने आणि तो पवित्र कांटा हीं दोन नांवें जोडली गेलीं आहेत. वर्षांतून दोनदां, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं आणि ऑगस्ट महिन्यांत, तो लोकांना दर्शनासाठीं बाहेर काढतात. ऑगस्टमधला उत्सव मोठा असतो. तीन दरवाज्यांचे तीन मोहल्ले त्या आठवड्यांत एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात. जुन्या भाषेंत एकमेकांस आव्हानें देतात, धनुर्विद्येंत चुरस करतात, पंधराव्या शतकांतील प्रसंग नाटकरूपानें करून दाखवितात, आणि शेवटीं कार्लो तो कांटा घेऊन गांवांत परत येतो तो प्रसंग सर्व गांव मिळून साजरा करतो. शिंपी, सुतार, शाळेंतलीं मुलें, सर्वांना त्यांत कांहींना कांहीं काम असतें. कांट्याविषयींची श्रद्धा ज्याची त्याची. परंतु साडेपांचशें वर्षांपूर्वीची एक देणगी गांवानें अशा रीतीनें हातांत धरून ठेवावी, हें आम्हांस फार विशेष वाटतें. पुस्तकांत लिहून ठेविलेली गोष्ट विसरली जाते. जिच्यासाठीं दर वर्षीं कपडे शिवावे लागतात ती विसरली जात नाहीं.

गांवांतील एक जुनी आणि महत्त्वाची इमारत म्हणजे संत फ्रान्सिसचें चौदाव्या शतकांतील देऊळ. त्यांत व त्याला लागून असलेल्या मठांत आतां गांवचें संग्रहालय आहे. तेथें तेराव्या शतकांतला एक लांकडी मूर्तिसमूह आहे. क्रुसावरून येशूचें शरीर खालीं उतरवीत आहेत असा तो प्रसंग असून इतक्या जुन्या काळच्या लांकडी मूर्ति टिकून राहणें ही सामान्य गोष्ट नव्हे. बार्तोलोमेओ कापोराली या पेरुजियाच्या चित्रकारानें १४८२ मध्यें रंगविलेलें मिरवणुकीचें एक निशाणहि तेथें आहे. आकाशांत कुमारी मरिया, आणि तळाशीं खुद्द मोंतोने गांव, आपल्या तटबंदीसह. ज्या काळीं छायाचित्र हा शब्दहि नव्हता त्या काळचें आपल्या गांवचें रूप तेथील मुलांना असें घरच्या घरीं पाहावयास मिळतें. त्याच संग्रहालयाच्या इमारतींत पूर्व आफ्रिकेंतील लोकांच्या वापरांतल्या वस्तूंचा एक संग्रह आहे आणि त्याचें नांव बोलता ढोल असें ठेविलें आहे. एवढ्याशा गांवाला आफ्रिकेचें काय, असें कोणी विचारील. आम्हांस तर त्या गांवाचें कुतूहल पाहून आनंद झाला.

मात्र सर्वच कांहीं गांवांत राहिलें असें नाहीं. लूका सिन्योरेल्ली हें चित्रकलेच्या इतिहासांतील मोठें नांव. मोंतोने येथें राहणाऱ्या एका फ्रेंच वैद्यासाठीं त्यानें १५१५ मध्यें संत फ्रान्सिसच्या देवळांतील वेदीकरितां मरिया व बालक येशू यांचें एक मोठें चित्र काढलें. तें आज लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. लाखों लोक तेथें तें पाहतात, हें खरें. पण ज्या भिंतीसाठीं तें काढलें होतें ती भिंत त्याच्यावांचून उभी आहे, हेंहि खरें. आपल्याकडील किती मूर्ति आणि किती पोथ्या दूरदेशींच्या संग्रहालयांत बसल्या आहेत याची आठवण येथें झाल्याशिवाय राहत नाहीं.

आतां आपण अलीकडच्या काळाकडे येऊं. १९४३ च्या ८ सप्टेंबरला इटलीनें दोस्तराष्ट्रांशीं केलेला तह जाहीर झाला आणि जर्मन सैन्यानें तो देश व्यापला. पुढील दीड वर्ष इटलीची भूमि दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेक डोंगर, एकेक नदी करीत लढविली गेली. ४ जून १९४४ रोजीं रोम मुक्त झालें, २० जूनला पेरुजिया. जर्मन सेना मागें हटत होती, परंतु पळत नव्हती. उत्तरेकडील डोंगरांत त्यांची एक मोठी संरक्षणफळी बांधून व्हावयाची होती. तिला वेळ मिळावा म्हणून ते प्रत्येक टेकडीवर थांबून लढत आणि मग पूल उडवून पुढच्या टेकडीवर जात. टायबरचें वरचें खोरें हा अशा टेकड्यांचा जिनाच आहे. ब्राच्चोच्या पूर्वजांनीं ज्या कारणासाठीं गांव उंचावर बसविलें त्याच कारणासाठीं जर्मन तोफखान्यालाहि तें हवेंसें वाटलें, यांत नवल तें काय?

ह्या खोऱ्यांतून वर सरकण्याचें काम १० व्या हिंदी डिव्हिजनकडे आलें होतें. इटलींत हिंदुस्थानच्या एकंदर तीन डिव्हिजनी लढल्या: चौथी, आठवी व दहावी. सुमारें ५०,००० हिंदी सैनिक त्या मोहिमेंत होते आणि त्यांतील ५,७८२ परत आले नाहींत. मोंतोने जुलैच्या पहिल्या आठवड्यांत मुक्त झालें. गांवकऱ्यांनीं प्रथमच पगड्या व फेटे बांधलेलीं माणसें पाहिलीं असतील. त्यांची भाषा कळत नव्हती, पण तीं कशासाठीं आलीं हें कळत होतें. मुक्तीची ही कथा सर्वस्वीं गोड होती असें मात्र कोणी समजूं नये. खालच्या बाजूस नदीकांठीं उंबेर्तिदे नांवाचें गांव आहे. पूल उद्ध्वस्त करण्यासाठीं दोस्तांच्या विमानांनीं २५ एप्रिल १९४४ रोजीं तेथें बाँब टाकले. ते घरांवर पडून सुमारें सत्तर नागरिक ठार झाले. बाँब टाकणाराहि मित्रच होता. लढाईंत सांपडलेल्या लहान गांवांच्या नशिबीं असे हिशेब येतात.

मोंतोने घेतल्यावरहि पुढच्या उंचवट्यांवर लढाई चालूच होती. त्यांत तिसरी बटालियन, पांचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही पलटण होती, आणि त्या पलटणींत नाईक यशवंत घाडगे हे एका लहान तुकडीचे प्रमुख होते. त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गांव पळसगांव, तालुका माणगांव, जिल्हा तेव्हांचा कुलाबा व आतांचा रायगड. म्हणजे त्या वेळीं त्यांचें वय बावीस वर्षांचें. आपल्या विद्यालयांतून बाहेर पडून पांच-सहा वर्षें झालेल्या मुलाएवढें.

१० जुलै १९४४ रोजीं त्यांच्या तुकडीवर अगदीं जवळून यंत्रबंदुकीचा मारा सुरू झाला. क्षणांत तुकडींतील सर्व सैनिक ठार किंवा घायाळ झाले. उभे राहिले ते एकटे नाईक घाडगे. मागें वळावयास जागा होती कीं नव्हती तें सांगतां येत नाहीं, पण ते वळले नाहींत. ते सरळ त्या यंत्रबंदुकीवर धांवून गेले. प्रथम हातबाँब फेंकून त्यांनीं ती बंदूक व ती चालविणारा दोन्ही निकामी केलीं, मग एकाला गोळी घातली. दोघे उरले होते आणि बंदुकींत नवीं काडतुसें भरण्यास वेळ नव्हता. तेव्हां त्यांनीं बंदूक नळीकडून धरली आणि तिच्याच प्रहारांनीं त्या दोघांस ठार केलें. त्यांनीं एकट्यानें तें ठाणें जिंकलें, आणि दुरून लपून गोळ्या झाडणाऱ्यांच्या माऱ्यानें त्याच ठाण्यावर त्यांना मरण आलें. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. इटलीच्या मोहिमेंत हें पदक एकंदर वीस जणांस मिळालें. त्यांतील सहा हिंदी सेनेचे होते. त्या सहांपैकीं नाईक घाडगे आणि नगर जिल्ह्यांतील निमज गांवचे नामदेव जाधव हे दोघे मराठा पलटणींचे.

हा प्रसंग वर्गांत सांगतांना आम्ही नेहमीं अडखळतों. मुलें टाळ्या वाजवितात, आणि त्या टाळ्या आम्हांस थांबवितां येत नाहींत. पण बंदुकीच्या दस्त्यानें मेलेले ते दोघेहि कोणा आईबापांचे मुलगे होते, हें सांगावेंसें वाटतें, आणि तें सांगितलें म्हणजे वर्गांत शांतता पसरते. दुसराहि एक प्रश्न मोठीं मुलें विचारतात आणि तो टाळूं नये. हें युद्ध कोणाचें होतें? १९३९ मध्यें हिंदी लोकांना न विचारतां हिंदुस्थान युद्धांत ओढला गेला. १९४२ मध्यें आपले पुढारी तुरुंगांत गेले. आणि त्याच वेळीं आपले लाखों तरुण त्या सरकारच्या सैन्यांत लढत होते. कांहींच्या मागें घरची गरिबी होती, कांहींच्या मागें घराण्याची शिपाईगिरीची परंपरा. नाईक घाडगे यांच्या मनांत काय होतें तें त्यांनीं लिहून ठेविलेलें नाहीं. स्वातंत्र्य मिळाल्यावर अशा सैनिकांचें काय करावें हें आपल्याला नीटसें उमगलें नाहीं. देशासाठीं तुरुंगांत गेलेल्यांचीं चरित्रें आपण पाठ केलीं, तें योग्यच केलें. परक्यांच्या निशाणाखालीं लढलेल्यांविषयीं मात्र आपण गप्प बसलों. आमच्या मतें ही चूक झाली. निशाण कोणाचें होतें हा प्रश्न विचारावाच. पण त्याचें उत्तर कांहींहि आलें तरी ज्या गांवांतून तो मुलगा गेला तें गांव आपलें आहे.

माणगांवांत यशवंतरावांचा पुतळा आहे. मुंबईहून गोव्याच्या रस्त्यानें जातां येतां आम्हीं माणगांव किती वेळां ओलांडलें असेल याची गणती नाहीं. चहाला थांबलों, पुतळ्यापाशीं एकदांहि थांबलों नाहीं. त्यांना स्वतंत्र समाधि नाहीं. दक्षिणेकडे कासीनो येथें ज्यांचीं थडगीं सांपडत नाहींत अशा हजारों सैनिकांचीं नांवें कोरलेलें एक स्मारक आहे, त्यांत त्यांचें नांव आहे.

आणि आतां तें दुसरें स्मारक. जुलै २०२३ मध्यें मोंतोने येथील नगरपालिकेनें व इटलींतील कांहीं युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनीं मिळून आपल्या गांवांत नाईक यशवंत घाडगे यांच्या नांवाचें स्मारक उघडलें. भारताच्या राजदूत त्या प्रसंगीं उपस्थित होत्या. घटनेस एकोणऐशीं वर्षें झालीं होतीं. ती प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें गांवांत फार थोडीं उरलीं असतील. तरी त्या गांवाला वाटलें कीं आपल्या डोंगरांत पडलेला हा परका मुलगाहि आपल्या वारशांतला आहे. मेंढ्याची ढाल, ब्राच्चोचा पडका किल्ला, व्हेनिसहून आलेला कांटा, कापोरालीचें निशाण, आणि त्यांच्या शेजारीं पळसगांवचें एक नांव! आम्हांस वाटतें, ज्या गांवाला जुनें जपण्याची संवय असते त्यालाच अशी बुद्धि होते.

ह्या स्मारकाला पुतळ्याचें रूप दिलेलें नाहीं. तें एक छायायंत्र आहे. सूर्याच्या सावलीवरून वेळ दाखविणारें घड्याळ. त्याच्यासाठीं एक लॅटिन वचन निवडलें आहे, त्याचा आशय असा कीं आपण सर्व एकाच सूर्याखालीं राहतों. वचन सुंदर आहे, परंतु आम्ही शिक्षक असल्यामुळें तेवढ्यावर आमचें समाधान झालें नाहीं. आम्हीं मुलांना गणित घातलें. मोंतोने सुमारें १२ अंश २० कला पूर्व रेखांशावर आहे आणि माणगांव सुमारें ७३ अंश १७ कलांवर. अंतर जवळजवळ ६१ अंशांचें. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटें लागतात. तेव्हां ६१ अंशांस २४४ मिनिटें, म्हणजे ४ तास ४ मिनिटें. हातावरच्या घड्याळांतला फरक वेगळा निघतो, कारण तीं घड्याळें सरकारच्या नियमानें चालतात. सावली तसें कांहीं मानीत नाहीं. मोंतोनेच्या छायायंत्रावर सकाळचे आठ वाजूं लागतात त्या सुमारास माणगांवीं मध्यान्ह होते, आणि जुलैच्या दिवसांत तेथें मध्यान्हीचा सूर्य इतका माथ्यावर असतो कीं माणसाची सावली त्याच्या पायांपाशींच राहते.

हें उत्तर एका मुलीनें बरोबर काढलें, आणि मग तिनेंच हात वर करून सांगितलें कीं १० जुलैला कोंकणांत ऊन कोठून असणार, पाऊस असेल. तें खरें आहे. त्या दिवसांत पळसगांवांत शेतांतून लावणी चाललेली असते, आकाश भरलेलें असतें आणि कोणाचीच सावली पडत नाहीं. उंब्रियांत मात्र त्या दिवसांत बहुधा कडक ऊन असतें.